गाइडमधला निबंध पुरे, वर्गात उलगडता येतील असे नमुने द्या
(कळमना परिसरात सहावी ते आठवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेचे मागणीपत्र)

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, महानगरपालिका, नागपूर
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नागपूर
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, नागपूर
माहितीस्तव प्रत : बालभारती, पुणे

विषय : उच्च प्राथमिक वर्गांच्या मराठी लेखनासाठी नमुना-लेखांचा संच, ते शिकवायला वेळ आणि त्याला धरून गुणदान मिळण्याबाबत.

महोदय,

कळमना, डिप्टी सिग्नल, भरतवाडा, पारडी या पट्ट्यातल्या शाळांत आम्ही मराठी शिकवतो. आमच्या वर्गातली बरीच मुले बाजार समितीच्या यार्डाशी या ना त्या नात्याने बांधलेली आहेत. कोणाचे वडील हमाल, कोणाची आई मिरचीचे देठ खुडायला जाणारी, कोणाचा काका मालाची गाडी चालवणारा. काही घरे छत्तीसगडहून आली, काही मध्य प्रदेशातून, काही भंडारा-गोंदियाकडून. ही मुले बोलायला कमी नाहीत. संत्र्याचा हर्रास कसा होतो, ढेरीत वर चांगला माल ठेवून खाली बारीक फळ कसे दडवतात, अंबिया बहाराच्या गाड्या यायला लागल्या की घरात कोण किती वाजता उठतो, हे सातवीतला पोरगा न थांबता सांगेल. सांगताना क्रम चुकणार नाही, कोण काय म्हणाले तेही सोडणार नाही.

त्याच पोरापुढे कागद ठेवा आणि ‘पावसाळा’ असे फळ्यावर लिहा. मोर पिसारा फुलवून नाचू लागतो, धरतीमाता हिरवा शालू नेसते, बळीराजा सुखावतो. या पोराच्या घरी पावसाळ्यात चाळीत पाणी शिरते, आवक घटली की वडिलांना काम मिळत नाही आणि ताडपत्री उडाली की धान्य भिजते. यातले एक वाक्यही कागदावर येत नाही. आम्ही मात्र मोराला दहापैकी आठ देतो, कारण अक्षर चांगले आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. मोर अर्थात गाइडमधला असतो.

मुले नमुन्यावरूनच लिहितात, ही गोष्ट आम्ही गृहीत धरतो. नमुना न देता ‘मनाने लिहा’ म्हटले तर मूल मनाने लिहीत नाही. त्याला जो नमुना मिळतो त्यावरून लिहिते. आज त्याला मिळणारा एकमेव नमुना म्हणजे बाजारातल्या गाइडमधला तयार निबंध, किंवा मोबाइलवर सापडलेला त्याचाच भाऊ. 2023-24 पासून आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट पुन्हा आल्यावर पालकांचा ओढा गाइडकडे वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून नमुना असावा की नसावा हा आमचा वादच नाही. कोणता असावा, आणि त्याचे वर्गात काय करावे, एवढ्यावरच हे मागणीपत्र आहे.

आमच्याकडे ही रीत उपरी नाही. पत्र कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, दस्तऐवज कसा मांडावा, हे मराठी कारकून मेस्तक नावाच्या नमुना-पुस्तिकांवरून शिकत. ती परंपरा हेमाद्रीच्या नावावर सांगितली जाते. त्यात समोर ठेवलेला नमुना खऱ्या कामाचा असे : अमुक माणसाला अमुक कारणासाठी लिहायचे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध म्हणजे वाद घालण्याची जागा होती; समोर विरोधक होता, वाचक होता. शाळेत येईपर्यंत त्या निबंधाचा वाचक नाहीसा झाला आणि प्रस्तावना, मध्य, समारोप असे तीन कप्पे उरले. चिपळूणकर आज आमच्या गुणदान तक्त्यात बसले असते की नाही, शंकाच आहे.

आमच्या बाजूचा पुरावा आहे तेवढाच सांगतो, फुगवून नाही. चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखन-अध्यापनावरील प्रयोगांचा एकत्र आढावा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये ‘रायटिंग नेक्स्ट’ या अहवालात घेतला. अभ्यास इंग्रजी लेखनाचा आहे, पण मुद्दा आपल्याला लागू पडतो. नमुन्यांच्या अभ्यासाचा परिणाम-आकार (इफेक्ट साइझ) त्यात 0.25 इतका दिसतो. तो निश्चित आहे, पण लहान आहे. लेखनाचे टप्पे उघड करून शिकवणे आणि सारांश लिहायला शिकवणे या दोन्हींचा परिणाम 0.82, तर मुलांनी एकमेकांना मदत करत लिहिण्याचा 0.75. व्याकरण सुटे शिकवण्याचा परिणाम मात्र उणे 0.32. आकड्यांचा अर्थ सरळ आहे. नुसती पुस्तिका वाटून फार काही घडणार नाही. नमुना उलगडून दाखवला, त्यावरून मिळून लिहिले, एकमेकांचे वाचून सुधारले, तर घडेल. म्हणूनच आम्ही पुस्तिकेबरोबर वेळ आणि गुणही मागतो आहोत. फक्त पुस्तिका देऊन बाकीच्या मागण्या फाइलला लावल्या, तर ती पुस्तिका आम्हाला नको.

ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात सिडनीच्या वंचित वस्त्यांतील शाळांत जिम मार्टिन, जोन रॉदरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच साखळी बांधली : आधी नमुना उलगडायचा, मग शिक्षक आणि वर्ग मिळून तसाच एक लेख लिहायचा, मग प्रत्येकाने स्वतंत्र. त्यामागचा विचार आमच्या वर्गांना विशेष लागू आहे. ज्या घरात वर्तमानपत्र, अर्ज, पुस्तके यांचा राबता असतो, त्या घरचे मूल लेखनाचे संकेत न शिकवता उचलते. ज्या घरात नसतो, त्याला ते शाळेने उघड करून सांगावे लागतात. नाही सांगितले तर त्याची शिक्षा गुणपत्रिकेत मुलालाच होते. इटलीतल्या बार्बियाना गावच्या मुलांनी 1967 मध्ये मिळून लिहिलेले पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ म्हणून आपण वाचले आहे. शेतकरी-मजुरांची आठ मुले चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहीत, त्या लावत, एकेक वाक्य वर्गात वाचून खोडत. परीक्षेत नापास ठरवलेल्या मुलांचे ते लेखन आज शिक्षकांना नमुना म्हणून वाचायला देतात.

घराजवळचा दाखला हवा असेल तर ‘लिरिल’ हा अभ्यास पाहावा. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातला यादगीर इथल्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा माग घेऊन त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. लेखनाच्या नावाखाली मुले बहुतांशी उतरवून काढण्याचे काम करतात, स्वतःचे काही लिहायची संधी त्यांना फार थोडी मिळते, हे त्यात दिसले. तीच मुले सहावीत आमच्याकडे येतात. फळ्यावरून उतरवणे सुटते आणि गाइडमधून उतरवणे सुरू होते.

आता वर्गात नेमके काय करू म्हणतो ते सविस्तर मांडतो, कारण ‘नमुना’ म्हटले की वरिष्ठांच्या डोळ्यांपुढे पाठांतरच येते.

सातवीला तक्रार-अर्ज आहे. आम्ही दोन लेख शेजारी ठेवतो. पहिला नेहमीचा : “आमच्या परिसरात पाण्याची अत्यंत गैरसोय होत आहे. तरी आपण यात जातीने लक्ष घालून लवकरात लवकर उपाययोजना करावी, ही नम्र विनंती.” दुसरा आम्हीच बसून लिहिला :

“शाळेच्या मागच्या गल्लीतला हातपंप सोमवारपासून बंद आहे. दांडा खाली जातो, पण पाणी चढत नाही. गल्लीतली माणसे आता मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळावर जातात. तिथेच यार्डाचे ट्रक वळतात. सकाळी मोठी माणसे कामावर गेलेली असतात, म्हणून पाणी आणायला बहुधा लहान मुले जातात. पंप दुरुस्त होईपर्यंत सकाळी टँकर पाठवावा. पाहणीला यायचे असल्यास सातच्या सुमारास यावे, तेव्हा रांग दिसेल.”

मुलांना प्रश्न एकच विचारायचा : तुम्ही अधिकारी असाल तर कोणत्या अर्जाने खुर्चीवरून उठाल, आणि कोणत्या वाक्यापाशी? मुले वाक्ये बोटाने दाखवतात. काय बिघडले, केव्हापासून, त्रास कोणाला, धोका कुठे, तोवर काय करावे, हे कप्पे त्यांचे त्यांनाच सापडतात. एखादी मुलगी म्हणते, “सर, याच्यात ‘नम्र विनंती’ नाही.” मग त्यावर बोलणे होते : विनंती कुठे आहे, ती शब्द न वापरता कशी आली, आणि कार्यालयीन अर्जात तो शब्द घालायचा तर कुठे घालावा. त्यानंतर नमुना मिटवायचा. दुसरा विषय घ्यायचा, समजा रेल्वे फाटकाजवळचा बंद दिवा, आणि अर्ज फळ्यावर सगळ्यांनी मिळून लिहायचा. शिक्षक खडू धरतो, वाक्ये मुलांची. खोडाखोड मुलांच्या डोळ्यांदेखत होते. ही खोडाखोड मुलाने आजवर कधी पाहिलेली नसते. त्याच्या समजुतीत लिहिणारा माणूस एका दमात, न चुकता लिहितो. शेवटी तिसरा विषय प्रत्येकाने एकट्याने लिहायचा. नमुना पुन्हा उघडतो तो कच्चा मसुदा झाल्यावर, ताडून पाहायला. या क्रमात नमुना उतरवून काढायला जागाच राहत नाही, कारण विषय दोनदा बदललेला असतो.

कळमन्यात अशा नमुन्यांची वाण नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी घ्या : माल, वजन, दर, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. ती परिच्छेदात उलगडून लिही म्हटले की माहितीपर लेखन झाले आणि गणितही. बाजारभावाचा तक्ता घ्या : आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. त्यावरून पाच ओळींची बातमी करा म्हटले तर मुलाला आकड्यांतली गोष्ट शोधावी लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये आमच्याच भागात बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा काही भाग कोसळला. त्याची वर्तमानपत्रातली बातमी आणि तो प्रसंग ऐकून-पाहून असलेल्या घरच्या माणसाने सांगितलेली हकिगत, या दोन्ही शेजारी ठेवल्या की बातमीत काय येते आणि आठवणीत काय, हे सहावीतल्या मुलालाही कळते. पाठ्यपुस्तकातल्या ‘उपयोजित लेखना’ला याहून वेगळे काय हवे?

या भूमिकेवरून आमच्या मागण्या अशा.

1. सहावी, सातवी आणि आठवीसाठी नमुना-लेखांचा संच तयार व्हावा. प्रत्येक नमुना एका पानात मावणारा असावा, म्हणजे तो एका बैठकीत उलगडतो. त्यातले निम्मे लेखन मुलांचे असावे, आणि अशा प्रत्येक लेखाचा कच्चा मसुदा व सुधारलेला लेख दोन्ही छापावेत; शिकण्यासारखे असते ते या दोहोंच्या मधे. उरलेल्यात अर्ज, सूचना, बातमी, कृती, मुलाखत यांसारखे कामाचे लेखन आणि चांगल्या गद्यातले उतारे असावेत. प्रसंग कसा सांगावा यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुरेशी आहेत. त्या 1936 मध्ये वारल्या, स्वामित्वहक्काचा प्रश्न उरलेला नाही. निरीक्षण कसे लिहावे यासाठी विदर्भाची जंगले आयुष्यभर पाहिलेले मारुती चितमपल्ली आहेत. त्यांच्यासाठी प्रकाशकांची परवानगी घ्यावी लागेल आणि ती कार्यालयाच्या पातळीवरच मिळू शकते. बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासून निघतो, त्याचे जुने अंक डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहेत. तिथून निवड करायला बैठकीपलीकडे काही लागत नाही.

वर्गात एखादा उतारा झेरॉक्स करून वाटला तर ‘कॉपीराइट’ आड येईल, अशी भीती काही मुख्याध्यापकांना वाटते. कॉपीराइट अधिनियम 1957 चे कलम 52(1)(i) शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना मुभा देते. हे एका परिपत्रकाने कळवावे, आणि या झेरॉक्सचा खर्च शाळेच्या संयुक्त अनुदानातून करण्यास स्पष्ट मान्यता द्यावी. आज तो शिक्षकाच्या खिशातून होतो.

2. आठवड्यातून एक जोड तासिका लेखनासाठी राखून ठेवावी. एका तासिकेत नमुना वाचून होतो, मिळून लिहिणे सुरू होते आणि घंटा होते. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला असतो.

3. लेखनाचे गुण मसुद्यांनाही मिळावेत. ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे आणि तिला नवा शासन निर्णय लागत नाही. 20 ऑगस्ट 2010 च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या निर्णयात सहावीला आकारिक आणि संकलित यांचे प्रमाण 50-50, सातवी-आठवीला 40-60 असे ठरले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत उपक्रम, स्वाध्याय, वर्गकार्य आहेतच. कच्चा मसुदा, सोबत्याचा शेरा आणि पक्का लेख, असे तीन कागद या साधनांखाली पुरावा म्हणून ग्राह्य धरावेत, एवढे लेखी स्पष्ट करावे. पथक तपासणीला आले की वहीत खाडाखोड का, असे विचारते. त्या शेऱ्याच्या भीतीने मुले आधी पाटीवर किंवा रद्दी कागदावर लिहितात आणि वहीत फक्त सुंदर प्रत येते. खाडाखोड हेच आमच्या कामाचे चिन्ह आहे, हे पथकांनाही कळवावे.

संकलित चाचणीत निबंधाचे तेच ते विषय बंद करून प्रसंग द्यावा : वाचक कोण, कारण काय, हाती कोणती माहिती. ‘माझा आवडता ऋतू’ पाठ करता येतो. हिशेबपट्टी देऊन “ही तुझ्या मावशीला समजावून सांग” म्हटले तर पाठ करता येत नाही. गाइडवर बंदी घाला अशी मागणी आम्ही करत नाही; असा एक प्रश्न सलग दोन वर्षे आला की गाइड आपोआप मागे पडेल.

4. बोलीचा प्रश्न. “बाबा संत्रा उतरवून राहिले होते” असे मुलगी लिहिते. हे नागपुरी मराठी आहे, चूक नाही. पहिल्या मसुद्यात असे वाक्य जसेच्या तसे राहू द्यावे. पक्क्या लेखात निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद घरच्या बोलीत, अशी मुभा असावी. संचातल्या काही नमुन्यांत हेच मुद्दाम केलेले असावे, म्हणजे शिक्षकालाही धीर येईल. छत्तीसगडी आणि हिंदी बोलणाऱ्या मुलांनी मसुद्यात अडलेल्या जागी घरचा शब्द लिहून पुढे जावे, थांबू नये. लिहिता लिहिता थांबलेले मूल पुन्हा गाइडकडेच वळते.

5. तपासणीचे गणित पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे उच्च प्राथमिकला एका शिक्षकामागे 35 मुले. एका पानाला पाच मिनिटे धरली तरी एका वर्गाच्या वह्यांना तीन तास लागतात, आणि तीन वर्ग असलेल्या भाषाशिक्षकाला आठवड्याला नऊ. त्याच अनुसूचीत तयारीसह आठवड्याचे 45 तास सांगितले आहेत. म्हणून प्रत्येक चूक लाल करण्याचा आग्रह सोडावा आणि एका लेखात ठरवलेल्या दोनच गोष्टी तपासण्यास मान्यता द्यावी. भाषाशिक्षकाची रिकामी पदे भरावीत. त्याच कायद्याच्या कलम 27 बाहेरची अशैक्षणिक कामे देऊ नयेत, हे आम्ही इथे पुन्हा लिहितो ते केवळ नोंदीसाठी.

6. प्रशिक्षण केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत व्हावे, आणि प्रत्येक सत्रातल्या एका परिषदेत शिक्षकांनी स्वतः लिहावे. पडद्यावरच्या स्लाइड पाहून लेखन शिकवता येत नाही. सोबत मुलांच्या वह्या आणाव्यात आणि त्यांवर बोलावे. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून या भागात काम करतो. त्याच्याशी जोडलेल्या लेखकांना बोलवायचे तर भाषणासाठी नको, त्यांचा एखादा खोडलेला कागद घेऊन यायला सांगावे.

7. मुलाचे लेखन संचात घेताना पालकांची लेखी संमती घ्यावी. घरची अडचण, भांडण, आजार असे काही त्यात असेल तर नाव आणि ओळख पटेल असा तपशील बदलावा. मूल खरे लिहू लागले की अशा गोष्टी येणारच.

नमुन्यांनी मुलांची कल्पकता मरते, असा एक आक्षेप आमच्याच काही सहकाऱ्यांनी घेतला. तो आम्ही हलका मानत नाही. एकच नमुना वर्षभर फिरवला तर तसे होते; म्हणून प्रत्येक प्रकाराचे किमान तीन, एकमेकांपासून वेगळे नमुने आम्ही मागतो. तीन अर्ज तीन तऱ्हांनी सुरू झालेले पाहिले की चौथी तऱ्हा शोधायचा मोह मुलालाच होतो.

काय नको तेही लिहून ठेवतो. संच वाटल्याचे फोटो अपलोड करण्याचा आदेश नको. ‘नमुना लेखन सप्ताह’ नको. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली आणि 2025 मध्ये ती काढण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात त्या पानांवर काय लिहायचे हे शिकवायची सोय कोणी केली नाही. तो खर्च पुन्हा दुसऱ्या रूपात होऊ नये.

आमच्या बाजूने काय करू ते असे. येत्या सत्रात आमच्यापैकी तयार असलेल्या शिक्षकांच्या वर्गांत तक्रार-अर्ज, बातमी आणि प्रसंगलेखन या तीन प्रकारांचे नमुने चालवून पाहू. सुरुवातीचे आणि शेवटचे लेखन जपून ठेवू आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते आपल्या कार्यालयात आणून दाखवू, न साधलेलेही. जोड तासिका आम्ही मुख्याध्यापकांशी बोलून काही शाळांत जुळवून घेऊ. गुणदानाचे मात्र आमच्या हाती नाही. मागणी 3 वर लेखी उत्तर आल्याशिवाय सातवी-आठवीचे पालक हे काम ‘अभ्यासाबाहेरचे’ समजत राहतील.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. त्याआधी या विषयावर आपण एक बैठक घ्यावी आणि तिला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे भाषा विषयाचे अधिव्याख्याते व केंद्रप्रमुख उपस्थित राहावेत. बैठक कळमन्यातल्या एखाद्या शाळेत ठेवल्यास वह्या तिथेच पाहता येतील.

आपले,
कळमना परिसरातील उच्च प्राथमिक मराठी शिक्षक

सोबत : (1) तक्रार-अर्जाचे तीन नमुने आणि ते उलगडण्याचे टिपण. (2) मसुदा, सोबत्याचा शेरा व पक्का लेख यांसाठी सुचवलेला एक पानी गुणदान तक्ता. (3) पालक-संमतीपत्राचा मसुदा, मराठी व हिंदीत.